मुलगा गल्ल्यावर बसला नाही

ब्रिटनमधली 'करी हाउस' बंद पडत चालली, अशी हळहळ तिथली वर्तमानपत्रं अधूनमधून व्यक्त करतात. लेकाकडे लंडनला जाऊन आलेली आपली मंडळीही ती बरोबर घेऊन येतात. तीत एक वाक्य हमखास असतं: मालकाच्या मुलांना धंद्यात रस नाही. हे तक्रारीच्या सुरात म्हटलं जातं, आणि माझा आक्षेप त्या सुराला आहे.

पाटीवर 'इंडियन रेस्टॉरंट' लिहिलेलं असलं तरी हा मालक बहुतेक वेळा बांगलादेशातल्या सिल्हेटचा असतो. त्याच्या आधीच्या पिढ्यांतले पुरुष कलकत्त्याच्या गोदीतून ब्रिटिश आगबोटींवर चढले ते भट्टीत कोळसा टाकायला. आपल्या कोकणातले खलाशी आणि तांडेलही त्या काळी बोटींवर होतेच. त्या सिल्हेट्यांपैकी काही लंडनच्या गोदीत उतरले आणि परत बोटीवर चढलेच नाहीत. १९४७च्या सार्वमतानंतर त्यांच्या जिल्ह्याचा मोठा भाग आसामातून पूर्व पाकिस्तानात गेला, १९७१ साली बांगलादेशात. गाव होतं तिथंच राहिलं, देशाचं नाव दोनदा बदललं. पाटीवर पहिलंच नाव टिकलं, कारण गिऱ्हाइकाच्या ओळखीचं तेच होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या लोकांनी पडक्या, स्वस्तातल्या जागा चारचौघांच्या भागीदारीत घेतल्या. पब रात्री अकराच्या सुमारास बंद होत. त्यानंतर गरम जेवण मिळण्याची ठिकाणं थोडी, म्हणून या हॉटेलांनी दार उघडं ठेवलं. धंदा त्या उशिराच्या तासांवर उभा राहिला आणि घर त्याच तासांनी खाल्लं. शुक्रवारी-शनिवारी, सणासुदीला, म्हणजे जेव्हा इतरांची कुटुंबं एकत्र जेवायला बाहेर पडतात, नेमका तेव्हा हा माणूस घरी नसतो. तो परततो तेव्हा मुलं झोपलेली असतात. मुलं शाळेला निघतात तेव्हा तो झोपलेला असतो.

सुरुवातीला तर मुलं त्या देशातच नव्हती. पैसे साठवायचे आणि गावी परतायचं, हाच बेत होता. १९६२च्या कायद्याने येण्याजाण्याचं दार आवळलं, मग परत जाणं धोक्याचं वाटू लागलं. बायका-मुलं आली ती पुष्कळांच्या बाबतीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत. तोवर हॉटेलाच्या वरच्या खोलीत इतर कामगारांबरोबर एकेक खाट, आणि दर महिन्याला गावी पाठवायचे पैसे. सिल्हेटकडे अशा माणसाला 'लंडनी' म्हणतात. त्याच्या पैशांतून गावात बंगले उठले. कितीतरी बंगल्यांत आज राखणदार तेवढा राहतो.

आपल्या लोकांची दुसरी तक्रार अशी की, तिथल्या जेवणाला आपली चव नसते. गोव्याच्या माणसाने तिथला 'विंडालू' खाल्ला तर तो त्याला ओळखू येणार नाही. गोव्यात त्याचा जीव डुकराच्या मांसात आणि व्हिनेगरच्या आंबटपणात, तिथे मात्र तो जाळ तिखटाचं दुसरं नाव झाला. कांदा-आलं-लसूण उकडून वाटलेल्या रश्श्याचा एक मोठा टोप सकाळी तयार होतो आणि रात्री त्यातूनच कोर्मा, मद्रास, विंडालू निघतात. ही लबाडी म्हणणाऱ्याने एकदा हिशेब करावा. हाताखाली दोन-तीन माणसं आणि रात्री उशिरा एकदम आलेली गिऱ्हाइकं, अशा वेळी याहून शहाणी रीत मला तरी सुचत नाही. हा आचारी स्वतः ते खातही नाही. गिऱ्हाइकं नसताना मुदपाकखान्यात कामगारांचं वेगळं जेवण शिजतं: भात, मासा, आणि सिल्हेटकडचं 'शातकरा' नावाचं जाड सालीचं लिंबू घातलेलं कालवण. खरी चव तिथे असते, आणि मेनूकार्डावर ती सापडत नाही.

२००१ साली रॉबिन कुक या परराष्ट्रमंत्र्यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. पदार्थाला नागरिकत्व मिळालं, पण तो शिजवणाऱ्याची वाट अरुंदच होत गेली. परदेशातून स्वयंपाकी आणायचा तर २०१६ साली वर्षाला २९,५७० पौंड पगाराची अट आली. २०२४च्या एप्रिलमध्ये कुशल कामगारांच्या व्हिसाची सर्वसाधारण मर्यादा ३८,७०० पौंडांवर गेली. छोट्या गावातल्या चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलाने हे पैसे आणायचे कुठून? हात नाहीत म्हणून चूल विझत असेल, तर तो दोष मुलाच्या माथी का मारायचा?

याच मुलाने लहानपणी शनिवारी दुपारी नॅपकिनांच्या घड्या घातल्या. कर खात्याची आणि नगरपालिकेची इंग्रजी पत्रं वडिलांना वाचून दाखवली. दारू प्यायलेल्या टेबलावरून वडिलांना एकेरी, वेडंवाकडं बोललेलं त्याने ऐकलं आणि वडिलांनी ते हसून गिळलेलंही पाहिलं. आता तो हिशेबनीस आहे, शिक्षक आहे, दवाखान्यात औषधं देतो. वडिलांनी कांदा चिरला तो याचसाठी. ते हॉटेल विकलं जातं तेव्हा मला एका घरातला शुक्रवार दिसतो: संध्याकाळचे सात वाजलेत, ताटं मांडली आहेत, आणि मुलांचा बाप घरी आहे.