समर्थकांना निवेदन नको, उत्तर हवे

बोम्मसंद्रा (बेंगळुरू), 12 ऑगस्ट 2025 : आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा या 19.15 किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे 10 ऑगस्टला उद्घाटन झाले. या औद्योगिक परिसरातील फुटबॉलप्रेमींना कंठीरवा मैदान गाठणे आता सुकर झाले. मात्र तेथे पुढचा सामना कधी होणार, हे निश्चित नाही.

एप्रिलमध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना खेळलेल्या बेंगळुरू एफसीने 4 ऑगस्टला मुख्य संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित केले. लीगच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता, हे कारण निवेदनात देण्यात आले. ते निराधार नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि एफएसडीएल यांच्यातील 2010 चा हक्क-करार 8 डिसेंबरला संपत असून, नूतनीकरणाअभावी 11 जुलैला नवा हंगाम रोखण्यात आला.

तथापि, कराराची मुदत पंधरा वर्षे सर्वांनाच ठाऊक होती. मग समर्थकांना वेळीच विश्वासात का घेतले गेले नाही? पराभव समर्थक पचवतो. निर्णय झाल्यावर हाती पडणारे एकतर्फी निवेदन त्याला परके करते. जर्मनीत ‘50+1’ नियमामुळे क्लबमधील बहुमताचा अधिकार सामान्यतः सभासदांकडे राहतो. आपल्याकडे कंपन्यांच्या मालकीच्या क्लबांत समर्थक तिकिटापुरता ग्राहक ठरतो.

बोम्मसंद्र्यातील सूर्यनगर येथे 80 हजार आसनांच्या क्रिकेट मैदानाला कर्नाटक सरकारने मान्यता दिली आहे. मैदाने उभी राहतील. पण लीगच्या नव्या रचनेत समर्थकांच्या प्रतिनिधींशी नियमित चर्चा बंधनकारक झाली नाही, तर ती भरणार कोण?