धूळ विचारावी, पालथे स्कॅन मागावे

हिंगणीसारख्या गावी श्वासाचा रुग्ण आला की आमचे प्रश्न ठरलेले असतात : कफ किती, रात्री त्रास वाढतो काय, विडी ओढता काय. तीस वर्षांपूर्वी तो पोटासाठी कोठे होता, हे मात्र बहुधा विचारले जात नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सतराव्या अध्यायात, हिक्का-श्वासाच्या कारणांचा आरंभच धुळीने होतो. ते कारण आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे झालो, असे खेदाने म्हणावे लागते.

ॲस्बेस्टॉसची धूळ तर विशेष फसवी. तंतू फुप्फुसात शिरल्यावर व्याधी प्रकट होण्यास बहुधा वीस किंवा अधिक वर्षे लागतात. तोवर कामगार गावी परतलेला असतो. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्याचा डॉ. मुरलीधर व कान्हेरे यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. २३२ पैकी १८१ कामगार तपासले गेले आणि त्यांतील २२ टक्क्यांना ॲस्बेस्टोसिस आढळला. सर्वाधिक आढळलेले लक्षण होते श्रमाने लागणारी धाप. आपल्या परिभाषेत हा क्षुद्रश्वास, म्हणजे विश्रांतीने शमणारा व साध्य! अवलेहाची बाटली देऊन रुग्णास परत पाठविण्याची चूक येथेच घडते.

छातीचा साधा एक्स-रे निर्दोष असला तरी व्याधी नाही असे ठरत नाही. आरंभीच्या खुणा पातळ छेदांच्या सी.टी. स्कॅनवरच दिसतात : फुप्फुसावरणाला समांतर जाणारी वक्र रेषा, आवरणालगतचे बारीक ठिपके, खंडिकांमधील जाड झालेले पडदे, आवरणापर्यंत पोहोचणारे पट्टे. या खुणा प्रायः तळाशी व पाठीच्या बाजूस असतात, आणि अडचण तेथेच आहे. रुग्ण उताणा निजला असता निरोगी फुप्फुसाचाही तोच भाग स्वभाराने दबून तशीच धूसर छाया दाखवितो. रुग्णास पालथे निजवून पुन्हा छेद घेतल्यास दाबाची छाया नाहीशी होते, विकृतीची टिकून राहते. एवढ्या साध्या युक्तीवर निदान अवलंबून असताना, केवळ उताण्या स्थितीतील स्कॅनचा अहवाल आम्ही अंतिम का मानावा? सेवाग्राम किंवा सावंगीस रुग्ण पाठविताना चिठ्ठीवर त्याचा जुना व्यवसाय लिहावा व पालथ्या छेदांची विनंती करावी. व्यवसाय ठाऊक नसेल तर क्ष-किरणतज्ज्ञही त्या अस्पष्ट रेषेला वार्धक्याची म्हणून सोडून देईल.

उलट टोकासही जाऊ नये. अशा रेषा धूम्रपानाने, जुन्या क्षयाने व इतर तंतुमय विकारांतही दिसतात. फुप्फुसावरणावरील चुनखडी साचलेले चकते, विशेषतः दोन्ही बाजूंस, तंतूंच्या संपर्काचा सबळ पुरावा होत; पण तेवढ्यावरून फुप्फुसाचा ॲस्बेस्टोसिस सिद्ध होत नाही. संपर्काचा इतिहास, श्वसनक्षमतेची चाचणी व स्कॅन ही तिन्ही जुळावी लागतात. छपरावरील अभंग सिमेंटच्या पत्र्याने गावास घाबरविण्याचे कारण नाही. तो कापताना, फोडताना मात्र तंतू उडतात. (चूर्णशाळेच्या छताला छिद्रे पाडणाऱ्या फार्मसीमालकांनी हे ध्यानी घ्यावे.)

निदानाचे मोल औषधापलीकडचे आहे. तंतूंनी आलेले काठिण्य कोणत्याही पॅथीच्या औषधाने मागे हटत नाही, हे आम्ही रुग्णास स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु त्याचा हक्क शिल्लक असतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. निवृत्त कामगारास हे ठाऊक नसते. त्यास ते सांगणारा गावात बहुधा वैद्यच असतो, नाहीतर महिन्यामागून महिना त्याला खोकल्याचे तेच औषध विकणारा फार्मसीवाला.