तिकिटावरचे घड्याळ

मालेगावच्या आमच्या शेजारच्या खाला उमऱ्याला निघाल्या होत्या. नातवाने त्यांना तिकीट वाचून दाखवले. मुंबईहून विमान सकाळी १० वाजता सुटणार आणि दुपारी पाऊण वाजता जेद्दाला पोहोचणार. नातू म्हणाला, "दादी, फक्त पावणेतीन तास!" खालांना मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, "मग जेवण आणि गोळी तिथे उतरल्यावरच घेईन."

मुलांनो, नातवाची वजाबाकी बरोबर होती, पण उत्तर चुकले होते.

मुंबई आणि जेद्दा या विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. मोठे विमान ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार करा. चार तासांहून थोडा अधिक वेळ येतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांचा वेळ त्यात मिळवा. शिवाय विमान अगदी सरळ रेषेत जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गाने थोडे वळूनच जाते. असे करता करता सव्वापाच तास होतात.

मग पावणेतीन कोठून आले? सुटण्याची वेळ भारताच्या घड्याळाची आणि पोहोचण्याची वेळ सौदी अरेबियाच्या घड्याळाची असते. तेथे सूर्य आपल्यानंतर उगवतो. म्हणून तेथील घड्याळ अडीच तास मागे असते. परत येताना याच्या उलट होते. पावणेपाच तासांचा प्रवास तिकिटावर सव्वासात तासांचा दिसतो! (हिवाळ्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते येताना विमानाला पाठीमागून रेटतात, म्हणून परतीला वेळ कमी लागतो.)

काही तिकिटांवर प्रवासाचा खरा वेळ छापलेला असतो, पण बारीक अक्षरांत. माझ्या मते तो सर्वांत मोठ्या अक्षरांत हवा. विमानात पहिल्यांदा बसणारी कितीतरी माणसे वयस्कर असतात. त्यांना दोन देशांच्या घड्याळांचा हिशेब कोण सांगणार?

आणि खरे सांगायचे तर सव्वापाच तास हाही पूर्ण प्रवास नव्हेच. मालेगाव ते मुंबई हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. मोटारीने पाच-सहा तास लागतात. परदेशी जाताना विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे लागते. म्हणजे समुद्रापलीकडच्या ३,५०० किलोमीटरांना जेवढा वेळ, तेवढाच घराजवळच्या पावणेतीनशेंना! १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून जहाजानेही जात. तेव्हा समुद्रावर कित्येक दिवस जात असल्यामुळे मुंबईपर्यंतचे काही तास कोणी मोजत नसे. आता मोजावे लागतात.

हे सारे मी नातवाला कागदावर मांडून दाखवले. त्याने डॉक्टरांना गोळीच्या वेळा विचारल्या आणि गोळ्या व डबा दादींच्या हातातल्या पिशवीत ठेवला. परतीच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच फोन केला, "दादी, तिकिटावर सव्वासात तास दिसतील. घाबरू नका, पावणेपाचच आहेत."