टक्का वाढेल, माणसे कुठून आणणार?

संशोधनावर भारत किती खर्च करतो? २०२०-२१चे अधिकृत उत्तर आहे : जीडीपीच्या ०.६४ टक्के. चीनमध्ये त्या सुमारास हे प्रमाण २.४ टक्के, तर दक्षिण कोरियात जवळपास पाच टक्के होते. यावरून सरकारने हात सैल सोडावा, एवढाच निष्कर्ष काढला जातो. तो अर्धवट आहे.

या मोजणीचे आंतरराष्ट्रीय नियम १९६३मध्ये इटलीतील फ्रास्काती येथे ठरले. त्यात पैसा कोणाचा, हेही पाहतात. आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. चीन, कोरियात तो तीन चतुर्थांशांहून अधिक. म्हणजे कंजुषी केवळ सरकारची नाही.

दुसरा आकडा माणसांचा. इथे नुसती डोकी नव्हे, वेळही मोजतात. तीस टक्के वेळ संशोधनाला देणारा प्राध्यापक ०.३ धरला जातो. आपल्याकडे दहा लाख लोकसंख्येमागे संशोधक २६२; कोरियात आठ हजारांवर.

केंद्राने आता खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना आणली आहे. तिचे स्वागतच. पण प्रयोगशाळेत उभे राहणार कोण? विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, आहेत ते परीक्षा आणि अहवालांत बुडालेले, पीएचडीचे विद्यार्थी रखडलेल्या विद्यावेतनाची वाट पाहणारे. नवी लस किंवा क्षयावरचे औषध शोधायला वर्षे लागतात. तोवर माणूस टिकला पाहिजे. म्हणून आधी जागा भरा आणि विद्यावेतन दरमहा ठरल्या तारखेला द्या.