हाडाची काडे

पहिल्या वर्षाच्या वर्गाला ‘हाडाची काडे करणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला, की मुले बिनचूक सांगतात: अतोनात कष्ट करणे. वीस वर्षे मी या उत्तरावर बरोबरची खूण करीत आलो. गेल्या चैत्रात आमच्या आत्याने त्या खुणेविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न केली.

आत्या जांब्याची. मुळशी तालुक्यातले हे गाव. आज हिंजवडीच्या उंच इमारती त्याच्या उशाशी येऊन ठेपल्या आहेत. पण मी लहानपणी सुटीत जाई, तेव्हा रात्री बेडकांखेरीज कोणाचा आवाज नसे. आत्या पहाटे डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन विहिरीवरून येई. भातलावणीच्या दिवसांत सबंध दिवस चिखलात वाकलेली असे. ‘बिचारीने हाडाची काडे केली,’ असे आम्ही शहरात बसून म्हणत असू.

चार वर्षांपूर्वी आतोबा गेले आणि मी तिला पुण्यास घेऊन आलो. आता हिला फक्त सुख द्यायचे, असा सौ.ने आणि मी जणू पणच केला. तिने केरसुणी हाती घेतली, की सौ. ती काढून घेई. दळणाच्या डब्याकडे तिचा हात गेला, की मी धावे. सकाळी खुर्चीत बसवलेली आत्या संध्याकाळी त्याच खुर्चीत सापडे. “आरं, मला काय देव्हाऱ्यात मांडलीया का?” असे ती एकदा म्हणालीही. आम्ही हसलो.

चैत्रात ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसकण मारून पडली. पडणे ते केवढेसे! पण खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तिला धरून उभे केले. मी संतापलो. “अहो, हाड मोडलेय तिचे!” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “म्हणूनच. पडून राहिली तर उरलेलीही जातील.”

घरी आल्यावर मी या विषयाची पुस्तके मिळवली. हाड म्हणजे देहाच्या मांडवाचा वासा, एकदा रोवला की काम झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते जन्मभर पाडले आणि बांधले जाणारे घर आहे. काही पेशी जुने हाड पोखरतात; दुसऱ्या, गवंड्यांसारख्या, नवे भरतात. पण कुठे पोखरायचे आणि कुठे भरायचे, हे ठरवण्यात मोठा वाटा तिसऱ्या जातीच्या पेशींचा. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या दहा पेशींपैकी नऊ तरी याच. मूळच्या त्या गवंडीच; बांधता बांधता भिंतीत चिणल्या गेलेल्या. मात्र चिणल्या तरी मेलेल्या नाहीत. केसाहून बारीक वाटांतून त्यांचे हात एकमेकींना लागलेले असतात आणि भोवती द्रव खेळत असतो. आपण पाऊल टाकतो, हाड डोळ्याला कधी दिसणार नाही इतके किंचित वाकते, तो द्रव हलतो, आणि त्याची चाहूल या पेशींना लागते. भार आला, भर घाला! भार येईनासा झाला, की त्यांच्याकडून स्क्लेरोस्टिन नावाचे द्रव्य जास्त सुटते आणि ते गवंड्यांचा हात धरते. पोखरणारे मात्र आपले काम चालूच ठेवतात.

हाडाला भाराची जाण असते, ही शंका जुनी आहे. १८६६ साली झुरिचला शरीरशास्त्रज्ञ मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा कुलमान नावाच्या अभियंत्याला त्यातल्या रेघा पाहून आपल्या यारीची आकृती आठवली, असे सांगतात. जिथे ताण आणि दाब, तिथेच त्या रेघा. पुढे १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यवैद्य वोल्फ यांनी त्याचा नियमच मांडला.

आणि वजनच नसले तर? १९८४ साली राकेश शर्मा सल्यूत-७ वर आठेक दिवस राहून आले, २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकात अठरा दिवस. महिनोन्‌महिने तिथे राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडातली खनिजे दरमहा शेकडा एक ते दीड या वेगाने घटतात, म्हणून पट्ट्यांनी स्वतःला जखडून ते रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. आमच्या दिवाणखान्यातली आत्याची खुर्ची म्हणजे आम्ही मायेने उभारलेली सल्यूतच होती की!

सगळा दोष खुर्चीला देणे मात्र खरे नाही. पाळी गेल्यावर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होतात. अन्न आणि ऊनही लागते. शिवाय हंड्याची आरती ओवाळावी असे मला वाटत नाही. त्याच हंड्याखाली तिची मान आयुष्यभर ठणकली आणि घरातल्या एकाही पुरुषाने तो कधी डोक्यावर घेतला नाही. हाडाला ओझ्याचा डोंगर नको असतो. थोडा थोडा, बदलता, मध्ये विसावा असलेला भार हवा असतो. एकसुरी भाराकडे या पेशी कान देईनाशा होतात. माझा दुपारचा वर्ग मला लगेच आठवला.

श्रावणात आत्या हट्टाने जांब्याला परतली. शेजारी भिंतीला भिंत लागून तिच्या दिराचे घर आहे, एवढा आधार. डॉक्टरांनी तिला चालायला, खुर्चीतून उठबस करायला आणि पायऱ्या चढायला सांगितले आहे. जड उचलायला मनाई आहे. गौरीजेवणाला आम्ही गेलो, तेव्हा ती एका हातात काठी आणि दुसऱ्यात पाण्याने भरलेला तांब्या घेऊन ओटीवरून अंगणात उतरत होती. मी ताडकन उठलो. सौ.ने मागून माझा सदरा धरला. एक पायरी, दुसरी. तिसरीवर थांबून तिने दम घेतला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “बस खाली, प्रोफेसर. तुळशीला पानी मीच घालनार.”

वृंदावनापर्यंत जाता जाता निम्मे पाणी सांडले. उरलेले तिने तुळशीला घातले आणि रिकामा तांब्या घेऊन पुन्हा पायऱ्यांकडे वळली.