रंग पाण्यातले की पडद्यावरचे?

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. माझी भाची संध्याकाळी घरी आली. एका हातात गुंडाळलेला कागद, दुसऱ्या हातात पाटीसारखा दिसणारा तो काळा टॅब्लेट. चहा होईपर्यंतही तिला धीर नव्हता. तिला पहिलेच पुस्तक मिळाले होते. लहान मुलांचे, चोवीस पानांचे. कोकणातली एक मुलगी भर पावसाळ्यात होडीतून खाडी ओलांडून शाळेत जाते, एवढीच गोष्ट. तिने एकाच प्रसंगाची दोन चित्रे करून आणली होती. एक जलरंगातले, दुसरे टॅब्लेटवरचे. दोन्ही माझ्यासमोर मांडून ती म्हणाली, ‘‘मामा, खरं सांग, मी कशात करू? पण तुझ्या वेळच्या गोष्टी नको सांगूस हं.’’

शेवटचे वाक्य मला जरा झोंबले. कारण मी नेमके तेच सांगायला तोंड उघडले होते.

कमर्शियल आर्टची पदविका घेऊन मी १९८८ साली बाहेर पडलो. तेव्हापासून दिवाळी अंक, मुखपृष्ठे, कथाचित्रे, मुलांची पुस्तके यांवरच घर चालले. माझी पहिली पंधरा वर्षे रंग, पाणी आणि कागद यांत गेली, नंतरची कागद आणि कॉम्प्युटर या दोन दरडींवर पाय ठेवून. त्यामुळे भाचीने विचारलेला प्रश्न मला नवा नाही. ओळखीच्या घरांतून तो वेगळ्या शब्दांत विचारला जातो. ‘‘आमच्या मुलाचा हात बरा आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला चांगली ग्रेड मिळाली. आता त्याला रंगांची पेटी घेऊन द्यायची की टॅब्लेट?’’ विचारणाऱ्या आईबापांच्या आवाजात काळजी असते. एका वाटेवर पोट भरणार नाही अशी भीती, दुसऱ्या वाटेवर मूल ‘खरा’ चित्रकार होणार नाही अशी.

ही ‘खरा’ची भानगड आधी मिटवू. हाताने केले ते अस्सल आणि यंत्राने केले ते नक्कल, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. पण रघुवीर मुळगावकर आठवा. कॅलेंडरांवरचे त्यांचे देव आणि मुखपृष्ठांवरच्या त्यांच्या नायिका दोन पिढ्यांच्या भिंतींवर राहिल्या. ती मऊ, धुक्यातून उजळल्यासारखी कांती स्प्रेच्या तंत्रातून आलेली. स्प्रे म्हणजे दाबाखालच्या हवेने रंग उडवणारे यंत्रच. म्हणून ती चित्रे यंत्राची आहेत असे कुणी म्हणत नाही, ती मुळगावकरांची आहेत. इतकेच कशाला, जलरंगाची ज्या ट्यूबची झाकणे आपण दातांनी उघडत आलो, ती धातूची ट्यूबही जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली पेटंट घेतलेला शोध आहे. जुन्या जमान्यातला चित्रकार रंग स्वतः घोटत असे किंवा शिष्याकडून घोटून घेत असे. त्याच्या दृष्टीने आपण सगळेच तयार मसाला वापरणारे.

तेव्हा टॅब्लेट हे पाप नाही. डेव्हिड हॉकनीसारखा जगद्विख्यात चित्रकार सत्तरी ओलांडल्यावर आधी फोनवर आणि २०१० पासून आयपॅडवर चित्रे काढू लागला. २०१२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत ती मोठ्या आकारात छापून भिंतींवर लागली. साधन कोणते, यावरून चित्रकाराची जात ठरत नाही.

मग फरक कुठे आहे? फरक आहे तो चुकीशी असलेल्या नात्यात.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा, आणि तो सोडायचा आहे हे ब्रश बुडवण्याआधीच ठरवायचे. फिक्याकडून गडदाकडे जायचे. उलटे येता येत नाही. ओला असताना रंग जेवढा गडद दिसतो, तेवढा वाळल्यावर राहत नाही, म्हणून पाच मिनिटांनंतरचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून हात चालवायचा. एक वॉश अर्धवट वाळला असताना त्यात पाण्याचा थेंब पडला, की फुलकोबीसारखा डाग उमटतो आणि तो जन्मभर तिथेच राहतो. आपल्याकडच्या हवेचा त्रास आणखी वेगळा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात आकाशाचा वॉश कागदाच्या खालच्या कडेला पोचायच्या आत वर वाळून रेघ धरतो. आणि दिवाळी अंकांची चित्रे करायची कधी? तर ऐन श्रावण-भाद्रपदात! कागद सादळलेला. त्याच्यावरची खळ दमटपणाने गेलेली असली, की रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो. टेबलफॅनसमोर चित्र धरून आणि इस्त्री फिरवून मी किती रात्री काढल्या, ते माझ्या बायकोला विचारा.

अशा अवघड माध्यमात सावळाराम हळदणकरांनी दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र केले. हाताच्या आडोशाने धरलेला दिवा, बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश. ते मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र वाटते. ते जलरंगातले आहे हे कळल्यावर चित्रकार माणूस आधी गप्प होतो. त्या बोटांमधला उजेड वरून लावलेला नाही, तो खालच्या कागदाचा आहे आणि पहिल्या घटकेपासून राखून ठेवलेला आहे.

पडद्यावर असे काही राखावे लागत नाही. तिथे थर असतात. आकाश एका थरावर, होडी दुसऱ्यावर, मुलगी तिसऱ्यावर. मुलगी आवडली नाही तर ती उचलून बाजूला ठेवता येते, खालचे पाणी हलतसुद्धा नाही. चूक झाली तर एक पाऊल मागे, आणखी झाली तर दहा पावले मागे. हे सुख मी नाकारत नाही. साठ चौकटींच्या चित्रकथेत तोच नायक त्याच शर्टात साठ वेळा काढायचा असेल, हृदयाच्या झडपा किंवा पंपाची रचना दाखवायची असेल, तर मी आज डोळे मिटून कॉम्प्युटर निवडीन. चार भाषांत निघणाऱ्या पुस्तकात मजकूर कमीजास्त होतो आणि चित्रातली मोकळी जागा सरकवावी लागते, तिथेही तोच सोयीचा.

पण हे सुख नवशिक्याच्या हातून एक गोष्ट काढून घेते. आधी ठरवण्याची सवय. पुसता येते म्हटल्यावर माणूस आधी काढतो आणि मग विचार करतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची टॅब्लेटवरची चित्रे मी पाहतो. सफाई थक्क करणारी असते, पण उजेड कुठून येतो आहे हे विचारले की मुले गोंधळतात. चित्रात चार दिशांनी चार उजेड असतात, कारण चार थर चार वेगवेगळ्या दिवशी झालेले असतात.

छापखान्याचे सत्य मात्र दोघांनाही सारखेच कडू आहे. पुस्तकाचे पान चारच शाईंत छापले जाते. जलरंगातला अगदी फिका वॉश स्कॅनिंगमध्येच उडतो किंवा छपाईत ठिपका इतका बारीक होतो, की पाहणाऱ्याला कोरा कागद दिसतो. उलट पडद्यावरचा रंग प्रकाशाने पेटलेला असतो. तो लखलखीत हिरवा आणि निळा शाईत उतरतच नाही. भाचीच्या टॅब्लेटवरची खाडी पाचूसारखी चमकत होती. मी तिला म्हटले, ‘‘आधी हे छापून आण.’’ ती छापून घेऊन आली तेव्हा खाडीचे शेवाळ झाले होते. जलरंगातल्या चित्राचीही छापील प्रत काढली, तर पावसाची लांबची सर बेपत्ता! सांगायचे ते हे, की वाचक मूळ चित्र कधीच पाहत नाही. तो पान पाहतो. निवड पानाकडे पाहून करावी.

आता पैशांचे बोलतो. कुटुंबात या विषयावर खरी चर्चा तीच असते. टॅब्लेट एकदाच घ्यायचा, पण तो महाग. सुती कागद आणि चांगले रंग थोडेथोडे घेता येतात, पण ते संपतात. हिशेब कुठेतरी जुळतो. न जुळणारा हिशेब वेगळाच आहे, तो वेळेचा. चित्र कागदावर होते तेव्हा प्रकाशक बदल सांगताना दहादा विचार करी, कारण बदल म्हणजे नवे चित्र हे त्यालाही दिसे. आता फोन येतो, ‘‘अहो, कॉम्प्युटरवरच तर आहे, साडी तेवढी पिवळी करा ना.’’ मग पिवळीची हिरवी, हिरवीची पुन्हा पिवळी. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाला मी सतरा वेळा हात लावला आणि अखेर पहिलेच छापले गेले. मानधन एकाच चित्राचे. मागे पावले टाकण्याची सोय चित्रकारासाठी झाली होती, ती वापरू लागले दुसरेच.

मूळ चित्राचीही गोष्ट आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. त्यांच्या हातची मूळ चित्रे आज समोर धरून ब्रश कुठे दाबला, कुठे उचलला हे पाहता येते, ते चित्र कागदावर आहे म्हणून. अर्थात कागदानेही आमच्याशी नेहमी इमान राखले असे नाही. उमेदीच्या काळात एका छापखान्यात दिलेली माझी बारा कथाचित्रे परत मागायला गेलो, तेव्हा ती वाळवीने खाल्लेल्या गठ्ठ्यात सापडली. आणि २००४ साली ज्या सीडींवर मी वर्षाचे काम जपून ठेवले होते, त्यांतल्या निम्म्या आता उघडत नाहीत. वाळवी दोन्हीकडे आहे. फक्त कागद अर्धा खाल्ला तरी अर्धा दिसतो.

मध्येच एक तिसरा पाहुणा येऊन बसला आहे. दोन ओळी लिहून दिल्या की संगणक स्वतःच चित्र करून देतो, ‘जलरंगात हवे’ म्हटले की जलरंगासारखे देतो. भाचीला खरी धास्ती त्याची होती. मी तिला तिचेच चित्र दाखवले. त्यात होडीत बसलेल्या मुलीने दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरले होते आणि त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता. ‘‘हे तुला कोणी सांगितलं?’’ ‘‘कोणी नाही. आजी सांगायची, त्या असंच न्यायच्या.’’ गोष्टीच्या मजकुरात दप्तराचा उल्लेखसुद्धा नव्हता. हे घरातून आले. ते पाण्यातून कागदावर येवो की पेनातून पडद्यावर, आणणारी ती होती.

तेव्हा माझे मत विचाराल तर ते असे. शिकायचे असेल तर सुरुवात पाण्याने करावी. परंपरा म्हणून नव्हे, तर ते माध्यम आधी पाहायला आणि मग हात लावायला शिकवते म्हणून. दोन-तीन वर्षे तो जाच सोसलेला हात टॅब्लेटवर गेला, तर तो दहा पावले मागे जात नाही. काम करायचे असेल तर माध्यम गोष्टीला विचारून ठरवावे, आपल्या आवडीला किंवा प्रकाशकाच्या सोयीला नव्हे. आणि कॉम्प्युटरवर काम करताना त्याच्याकडून जलरंगाचे सोंग करवून घेऊ नये. त्या तयार ब्रशचा तोच डाग पानापानावर पुन्हा दिसतो आणि लहान मुलांनासुद्धा तो ओळखू येतो. पडद्याला स्वतःची सपाट, ठसठशीत भाषा आहे, ती बोलावी. राहिले प्रकाशक. त्यांनी कामाआधीच लिहून द्यावे, की बदल दोनदा, त्यापुढे वेगळे मानधन, आणि पुस्तकावर चित्रकाराचे नाव लेखकाच्या शेजारी. यात कुणाचे नुकसान नाही.

भाचीने पुस्तक जलरंगात केले. गोष्ट पाण्याची होती म्हणून. पावसाने दोन मोठे कागद खाल्ले, एक मांजराने. दिवसा नोकरी आणि रात्री चित्रे, असे चार महिने गेले. सगळे झाल्यावर संपादकबाईंच्या लक्षात आले, की सातव्या पानावर मुलीजवळ असलेले दप्तर नवव्या पानावर नाहीच! भाचीने नवे दप्तर वेगळ्या कागदावर रंगवले, स्कॅन केले आणि कॉम्प्युटरवर मुलीच्या पोटाशी बसवले.

पुस्तक हातात आल्यावर मी नववे पान चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिले. जोड सापडली नाही. नंतर तिची आजी पुस्तक घेऊन बसली. तिने त्याच पानावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘‘गाठ उलटी मारलीस गं. आम्ही उजवीकडे मारायचो.’’