शाईचे डाग आणि मुलांची मने

शहाद्याच्या बँकेत असताना शाईचे डाग मी पुष्कळ पाहिले, ते अंगठ्यांचे. अंगठ्यावरून आम्ही खातेदार ओळखत असू, त्याचा स्वभाव ठरवत नसू.

स्वित्झर्लंडच्या हर्मान रोर्शाक यांनी १९२१ साली शाईच्या दहा डागांवरून मन वाचण्याची चाचणी मांडली. १९३५ साली अमेरिकेत मॉर्गन आणि मरे यांनी चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावणारी चाचणी आणली. तिच्या पहिल्या चित्रात व्हायोलिनसमोर बसलेला मुलगा आहे. सातपुड्यातल्या, घरी पावरी बोलणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने व्हायोलिन कधी पाहिलेच नसेल, तर तो गप्प बसेल. त्या गप्प बसण्याला कुणी 'न्यूनगंड' म्हटले, तर तो शेरा पोराला जन्मभर पुरेल.

१९५९ साली लुईझ बेट्स एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा ते सोळा वर्षांच्या मुलांची उत्तरे वयानुसार मांडली. पण ती मुले अमेरिकेतली. पीककर्ज देताना बागायती केळी आणि कोरडवाहू ज्वारी यांना आम्ही एकच दर लावत नव्हतो. मग मुलांनाच परका मापदंड का? आपल्याकडच्या मुलांची उत्तरे वय, भाषा, गाव पाहून आधी गोळा व्हायला हवीत. तोवर पालकहो, चाचणीचा अहवाल हाती आला की एवढे जरूर विचारा : हे माप कोणत्या मुलांवरून घेतले?